तळघरातली ट-बंदी

देवाशपथ सांगते, आईशपथ सांगते, आणि ह्या दोन्ही कमी पडत असतील तर स्वतःच्या डोळ्यांची शपथ घेऊन सांगते, की ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल तर माझी जीभ झडो. दात झडलेच आहेत, त्यामुळे जिभेची मला किती काळजी असेल ते तुम्हीच समजा. ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्यानं आत्ताच उठावं. मध्येच "हॅ, असं कुठं असतं का" म्हणून तोंड वेंगाडायचं नाही.

तर दोघी जावा होत्या. थोरली आणि धाकटी. उतारावर द्राक्षांचा मळा, मळ्याच्या माथ्यावर घर, घराखाली तळघर आणि तळघरात ओळीनं लाकडी पिंपं, वाइननं भरलेली. दोघे भाऊ मागेपुढे गेले आणि धंदा ह्या दोघींच्या गळ्यात पडला. थोरलीनं वरचा मजला घेतला, म्हणजे पाहुणे, पडदे, फुलदाण्या आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. धाकटीनं तळघर घेतलं. वाटणी स्वभावाला धरूनच झाली, कारण थोरलीला माणसांशिवाय करमायचं नाही आणि धाकटीला माणसाचं तोंड बघवायचं नाही.

धाकटी होतीच तशी. नाक वर, भुवई त्याहून वर. तिच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, एक ती स्वतः आणि दुसरी बाकीचे. पण तिचं नाक नुसतं मुरडण्यापुरतं नव्हतं हो. पिंपाचं बूच काढलं, नाक लावलं, जिभेवर थेंब ठेवला की एका शब्दात निकाल. आणि तो शब्द नेहमी 'ट'वर संपायचा.

आता बघा, आपल्या भाषेची गंमतच आहे. चवीचा आणि वासाचा जो म्हणून खरा शब्द आहे, तो जाऊन 'ट'वर आपटतो. आंबट, तुरट, खारट, तिखट, कडवट. कुबट, खवट, करपट, ओशट, मातकट, धुरकट, बुरसट. जीभ वर जाते, टाळूला धडकते आणि विषय संपतो. 'कडू'चा 'कडवट' होतोच, एक 'गोड' तेवढा सुटलाय, आणि गोड तिला मुळातच आवडत नव्हतं. बरं, ज्या 'ट'नं चव सांगायची त्याच 'ट'नं माणसंही निकालात निघतात. बावळट, हलकट, पोरकट, लोचट. त्यामुळे धाकटीला वेगवेगळे शब्द लागायचेच नाहीत. पिंपाला नाक लावून ती "पाणचट" म्हणाली, तर ते पिंपाला होतं की मागे उभ्या असलेल्या पाहुण्याला, हे पाहुण्याला घरी पोचल्यावर कळायचं.

ह्या 'ट'वरच तळघर चालायचं. दर वर्षी हिवाळा सरला की एक हॉटेलवाला यायचा आणि अख्खी रांग उचलून न्यायचा. मानेला तीन वळ्या, बोटाला अंगठी, आणि चवीच्या बाबतीत निव्वळ दगड. पेला हातात घ्यायचा, हुंगल्यासारखं करायचा आणि धाकटीकडे बघायचा. ती म्हणायची, "तुरट आहे, पण महिन्याभरात वळेल." तो मान डोलावायचा. त्याला स्वतःची जीभ नव्हतीच, तो धाकटीची वापरायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग थोरलीला संस्कृतीची बाधा झाली.

शहरात कुठल्याशा सभागृहात व्याख्यानमाला होती. विषय काय, तर वाइन. पण प्यायची नाही, समजून घ्यायची. कलेतून, साहित्यातून, विज्ञानातून आणि तत्त्वज्ञानातून. थोरली गेली होती खरं म्हणजे तिथले पडदे बघायला. परत आली ती चेहऱ्यावर असं तेज घेऊन, की धाकटीनं विचारलं, "ताप आलाय का जाऊबाई?" थोरली म्हणाली, आपण इतकी वर्षं वाइन करतो पण वाइन म्हणजे काय ते आपल्याला माहीतच नाही. धाकटी म्हणाली, मला माहीत आहे, पिंपात असते ती. ह्यावर थोरलीनं असा दयेचा कटाक्ष टाकला की धाकटीचा हात आपोआप पळीकडे गेला. आणि आठवड्याभरात त्या व्याख्यानमालेतले चारही विद्वान बॅगा घेऊन दारात हजर.

एक चित्रकार होता. तो वाइन पीत नसे, बघत असे. पेल्यामागे पांढरा कागद धरून एकदा त्यानं तळाच्या थेंबाकडे इतका वेळ पाहिलं की थेंब वाळून गेला. मग त्यानं वाळलेल्या डागाचं चित्र काढलं आणि त्याला 'वियोग' नाव दिलं. रंगकाम तो तळघरातच करायचा, उजेड नसलेला बरा म्हणून, आणि त्याच्या टर्पेंटाइनचा वास असा भरून राहिला की तळघरात उंदीरसुद्धा शिंकायला लागले. एक कवी होता. बूच निघाल्याचा आवाज ऐकला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि एक तत्त्वज्ञ. ह्यानं पहिल्याच दिवशी धाकटीला विचारलं, की पिंप रिकामं असतं तेव्हा त्यात नेमकं काय असतं? धाकटी म्हणाली, "तुम्ही येऊन गेल्याची खूण." त्याला ते फार आवडलं, त्यानं टिपून घेतलं. त्याचं वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नसायचं. एकदा वाइन आणि काळ ह्यांच्यावर तो पिंपाला कोपर टेकून बोलायला लागला, आणि वाक्याचं क्रियापद येईपर्यंत कोळ्यानं त्याच्या कोपरापासून पिंपाच्या कडीपर्यंत जाळं विणून त्यात माशी पकडून खाल्लीसुद्धा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

चौथी होती रसायनबाई. उंच, काटकुळी, खांद्याला काचेच्या नळ्यांची पिशवी. चौघांत आपला पेला आपण विसळून ठेवणारी ही एकटीच. बोलायची कमी, पण नियमाला भलतीच पक्की. चारचौघांत ठरलं म्हणजे ठरलं, मग ते कितीही खुळचट असो.

चौघांच्या पोटात काय होतं ते थोड्याच दिवसांत बाहेर आलं. त्यांना तळघर हवं होतं, कायमचं. पिंपं मागच्या छपरात हलवायची, इथे गाद्या, मंद दिवे, भिंतीवर ते वाळलेले वियोग, आणि नाव 'मद्यविचार केंद्र'. थोरली विरघळली होतीच. धाकटीनं ऐकलं आणि कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. दोघींची अशी जुंपली की मळ्यातले पक्षी उडाले. शेवटी थोरलीनं निकाल दिला. हॉटेलवाल्यानं यंदाही अख्खी रांग उचलली, तर तळघर धाकटीचं, पुन्हा विषय निघणार नाही. नाही उचलली, तर किल्ली थोरलीच्या हातात. तोवर विद्वान तळघरात बसून आपलं काम करतील. धाकटी हसली. हॉटेलवाला काय कुठे पळून जातोय? तिनं हो म्हटलं आणि चौघांकडे असं पाहिलं, की बघा, चार महिन्यांचे पाहुणे.

विद्वानांचं काम म्हणजे काय, तर वाइनसाठी आपल्या भाषेत उच्च शब्द तयार करणं. पहिल्याच बैठकीला कवीनं छाती भरून सांगितलं, की आपली भाषा ह्या विषयात मागे पडली त्याला कारण हा 'ट'. हा ओट्यावरचा, भांडणातला 'ट'. ज्या पेयावर जगानं गाणी रचली, त्याला आपण 'तुरट' म्हणायचं? काय ती असभ्य टक्कर. ठराव झाला. तळघरात 'ट' बंद. जो बोलेल त्याला शिक्षा, की कवीची एक कविता बसून पूर्ण ऐकायची.

मग शब्द बदलत सुटले. कुबट वासाला 'गुहागंध'. करपट लागलं तर 'अग्निस्मृती'. पाणचट असेल तर 'जलसौम्य'. तुरटाला 'संयमी'. 'घोट' गेला, 'प्राशन' आलं. 'ताट' आणि 'पोट' ह्यांना तत्त्वज्ञाच्या आग्रहाखातर सूट मिळाली, आणि 'सूट' ह्या शब्दालाही सूट द्यावी लागली. आंबटावर दोन दिवस वाद चालला. कवी म्हणाला, आंबट चाखल्यावर चेहरा आक्रसतो, पहाटे पहिल्या किरणानंही तसाच आक्रसतो, म्हणून 'उषःकालीन तीक्ष्णता'. बहुमतानं मंजूर. 'धाकटी' शब्दातही तो 'ट' निघाला, तेव्हा तिला ते 'कनिष्ठा' म्हणायला लागले. तिनं ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा म्हणणाऱ्या चित्रकाराचा ब्रश गटारात गेला.

रसायनबाई एकदाच चुकली. बुचाला नाक लावून सहज "बुरसट" म्हणून गेली. कवीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि कविता सुरू केली. कवितेचं नाव 'द्राक्ष आणि मी'. द्राक्ष लवकर संपलं, 'मी' काही संपेना. जेवणं झाली, भांडी झाली, बाई खुर्चीत तशीच. उठली तेव्हा चालताना भिंतीला हात लावत होती. त्या दिवसापासून तिनं 'ट'चं नाव काढलं नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण घोळ तिथेच झाला. लाकूड वाइन पितं. पिंप काठोकाठ भरून ठेवलं तरी हळूहळू पातळी खाली जाते, वर मोकळी जागा राहते, त्यात हवा शिरते, आणि हवा लागली की वाइनचं व्हिनेगर. म्हणून सगळ्या पिंपांत मधूनमधून थोडी थोडी भर घालावी लागते. त्या भरीसाठी कोपऱ्यात एक छोटं पिंप वेगळं ठेवलेलं असतं. थोरलीनं, अक्कल गहाण ठेवून, तेच पिंप विद्वानांना अभ्यासाला दिलं. आता अभ्यास म्हणजे काय, तर चित्रकार पेला भरायचा आणि बघत बसायचा, कवी हुंगून रडायचा, आणि तत्त्वज्ञ प्रत्येक नव्या विचाराआधी एक प्राशन करायचा. विचार त्याला फार यायचे. पिंप अर्ध्यावर आलं, वरचं अर्धं हवेनं भरलं.

धाकटीला हे दिसत होतं. पण त्या पिंपाला तिनं मनातून टाकूनच दिलं होतं. सतरा वेळा तोंडं लावलेले पेले त्याच्या तोटीला भिडलेले. उष्टं पिंप. त्यातला थेंब आपल्या जिभेवर ठेवायचा, ह्या कल्पनेनंच तिच्या अंगावर काटा यायचा. भर मात्र त्यातूनच घालायची तिनं ठरवलं. हॉटेलात पिणारे कुठे सोवळे लागून गेलेत, असा तिचा हिशेब. बघा, तिरस्कार माणसाला कसा आंधळा करतो ते. स्वतःच्या तोंडाला जे चालत नाही ते दुसऱ्याच्या घशात ओतायला हिला काही वाटलं नाही.

भर घालायच्या दिवशी ती नरसाळं आणि कळशी घेऊन उतरली. टर्पेंटाइननं नाक केव्हाच बाद झालेलं. छोट्या पिंपातून कळशी भरली आणि पहिल्या मोठ्या पिंपाचं बूच काढलं. कोपऱ्यात रसायनबाई आपल्या नळ्या पुसत बसली होती. ती उठली, जवळ आली, घसा साफ केला.

"बाई, ह्यात तीक्ष्णता आहे," ती म्हणाली. "उषःकालीन."

"असू दे. तुमच्यात नाही, त्यात तरी असू दे."

धाकटीनं ओतलं. पिंपावर बूच बसवलं, कळशी पुन्हा भरली. रसायनबाई मागोमाग चालत राहिली. तिचे ओठ काहीतरी जुळवत होते, आणि तिकडे खांबाला टेकून कवी कान टवकारून उभा होता. तिनं एकदा कवीकडे पाहिलं, एकदा कळशीकडे.

"फार उषःकालीन आहे हो," ती म्हणाली, आणि आवाज रडवेला झाला.

"मग दुपार होऊ द्या त्याची," धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या पिंपात ओतलं. मग तिसऱ्या. मग रांगेतल्या सगळ्या.

रात्री जेवताना तिनं हा किस्सा थोरलीला रंगवून सांगितला, बाईचा तो रडका सूर काढून. थोरलीला हसू आलं नाही. तिनं विचारलं, म्हणजे वाइन चांगली झाली ना? धाकटी म्हणाली, इतकी चांगली की त्या काटकुळीला गहिवर आला.

हिवाळा ओसरला. चित्रकार ऊन पडलं म्हणून रंग घेऊन अंगणात गेला, आणि तळघरातला टर्पेंटाइनचा वास विरला. हॉटेलवाल्याचा निरोप आला, की दोन दिवसांत येतो. सकाळी धाकटी एकटीच खाली उतरली, पहिलं बूच काढलं, आणि नाक लावायची गरजच पडली नाही. वासच उठून तिच्या अंगावर आला. तरी तिनं थेंब जिभेवर ठेवला. दुसरं पिंप. तिसरं. असं करत शेवटच्या पिंपापर्यंत. सगळी रांग आंबट ढाण. ती उपड्या बादलीवर बसली, आणि जी जीभ आयुष्यभर दुसऱ्यांवर चालली तिच्यावर स्वतःसाठी शब्द आला, "बावळट." ऐकायला कुणी नव्हतं, हे तिच्या दृष्टीनं बरंच झालं.

पण ती अशी बसून राहणारी नव्हे. जिना चढून वर गेली आणि रसायनबाईला न्याहारीच्या टेबलावरून उठवून खाली आणलं.

"तुम्हाला कळलं होतं ना? तेव्हाच?"

"मी सांगितलं होतं. दोनदा."

"काय सांगितलंत? पहाट झाली म्हणून? तोंडाला कुलूप घातलं होतं का? आंबट म्हणायला जीभ झडत होती?"

बाई खाली बघत म्हणाली, "कविता ऐकावी लागली असती."

अशा वेळी धाकटी चार 'ट' फेकून मारायची, पण त्या बाईचा चेहरा बघून एकही जिभेवर येईना. शिवाय बाईनं पुढं जे विचारलं ते खिळ्यासारखं घुसलं. तिनं विचारलं, "पण तुम्ही चाखलं का नाही? तुम्हाला तर आमच्या शब्दांची गरज नव्हती."

हॉटेलवाला आला. वरच्या खोलीत पांढरं कापड घातलेलं टेबल, फुलदाणी, पेले. थोरली नवीन पडद्याच्या रंगाचीच साडी नेसून. चारही विद्वान ओळीत, कारण थोरलीचं म्हणणं, ह्यांच्यादेखत होऊ दे. धाकटी दाराशी उभी. कमरेला किल्ली होती, आणि ती आता तासाभराची सोबतीण आहे असं तिनं मनाशी धरलं होतं.

हॉटेलवाल्यानं घोट घेतला. आणि काय सांगू, त्याचा एक डोळा मिटला तो उघडेचना. मानेच्या तीन वळ्यांची एक झाली. मिशीचं डावं टोक खालचं वर गेलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात कवी उभा राहिला.

आता जरा ह्या विद्वानांची हुशारी बघा. वाइन नाकारली गेली की तळघर त्यांचं होणार होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसायला जी अक्कल लागते ती कुठल्या सभागृहात मिळते? कवी म्हणाला, साहेब, आपल्याला जी जाणवली ती उषःकालीन तीक्ष्णता, ही अत्यंत दुर्मीळ आहे. चित्रकार म्हणाला, त्यातली लाली बघा, ती चाखताच येत नाही, ती सोसावी लागते. तत्त्वज्ञानं वाक्य सुरू केलं, की आवडणं ही चवीची अत्यंत प्राथमिक अवस्था असून. थोरलीच्या लक्षात काटा कुठे फिरतोय ते आलं. तिनं टेबलाखालून कवीच्या पायावर टाच दिली. त्याला वाटलं, भावनेच्या भरात झालं. तो आणखी जोरात बोलायला लागला.

आणि हॉटेलवाला ढिला पडत चालला. त्याला भीती हीच, की आपल्याला कळत नाही हे ह्या मोठ्या माणसांना कळेल. मिटलेला डोळा त्यानं बोटानं उघडला आणि म्हणाला, "हो, हो. पहाटेसारखं काहीतरी येतंय खरं." मग अजून एक घोट घेतला, शहारला, आणि म्हणाला, की आमच्याकडे बडी मंडळी येतात, त्यांना असलं काहीतरी भारी लागतंच. सगळी रांग पाठवून द्या.

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटीचा हात किल्लीवर गेला. तळघर तिचं झालं होतं, आणि ते ह्या चार मूर्खांनी तिच्या पदरात टाकलं होतं. तिनं आता फक्त मान हलवायची होती.

पण हॉटेलवाला दगड असला तरी सवयीचा माणूस. निघता निघता तो तिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही काय म्हणता? म्हणजे आहेच चांगली. तरी आपलं दर वर्षीसारखं."

धाकटीनं रसायनबाईकडे पाहिलं. बाई पेल्याच्या काठावरून बोट फिरवत होती, मान खाली. ती काही बोलणार नव्हती. धाकटीला वाटलं, आपणही म्हणावं, उषःकालीन आहे, न्या. एवढंच तर आहे. हा माणूस वर्षानुवर्षं हेच करत आलाय, समोरचा म्हणेल ते प्यायचं, तर पिऊ दे. पण शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच चिकटला. 'उषः' म्हणून ओठ पुढे काढायचा, आणि मग जन्मभर किल्ली कमरेला बांधून त्या शब्दाच्या आधारानं तळघरात उतरायचं. ह्या चौघांच्यात पाचवी. ही शिसारी बाकी सगळ्या शिसाऱ्यांहून मोठी निघाली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. आणि माझ्या हातानं झालंय. न चाखता भर घातली."

हॉटेलवाल्याच्या छातीतून असा सुस्कारा निघाला की टेबलावरचं कापड हललं. मग त्यानं पेल्यात राहिलेलं सगळं थोरलीच्या फुलदाणीत ओतलं आणि बाहीनं जीभ पुसली. म्हणाला, तरी म्हटलं मला काय झालंय, दातांना कळा कशा येतात. दोन पिंपं व्हिनेगर म्हणून नेईन म्हणाला, आणि पुन्हा तिकडे न बघता जिना उतरला.

थोरलीनं हात पुढे केला. धाकटीनं किल्ली सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली. नियमभंग झाला म्हणून कवीनं तेवढ्यात 'द्राक्ष आणि मी' सुरू केली. कुणी त्याला थांबवलं नाही, कुणी ऐकलंही नाही.

केंद्र काही झालं नाही. तळघरात गाद्या घालायला गेले तर व्हिनेगरच्या वासानं डोळ्यांतून धारा. चित्रकार म्हणाला, ह्या वासात तांबडा रंग हिरवा दिसतो. तत्त्वज्ञानं प्यायला काही उरलं नाही हे पाहिलं आणि त्याचे विचारच आटले. दोन दिवसांत तिघंही बॅगा भरून दुसऱ्या कुणाच्या तरी तळघराकडे गेले. थोरलीला निरोपाचं भाषण करायचं होतं, तेही राहून गेलं.

रसायनबाई मात्र गेली नाही. तिनं थोरलीला सांगितलं, की ही पिंपं टाकायची नसतील तर गरम पाण्यानं, सोड्यानं घासून, आत गंधकाचा धूर देऊन बघता येईल. वाचली तर पुढच्या हंगामाला भरता येतील. थोरलीला आता संस्कृतीपेक्षा पुढच्या हंगामाचीच काळजी पडली होती. तिनं किल्ली बाईच्या हातात दिली. बाई म्हणाली, एकटीनं होणार नाही, मला खाली धाकट्या बाई हव्यात. थोरली म्हणाली, ती तुला खाऊन टाकेल. बाई म्हणाली, निदान आवाज करून खातील.

तर असं झालं, की जी बाई आयुष्यभर कुणाच्या हाताखाली वाकली नाही, ती सकाळी उठून एका काटकुळीच्या दाराशी तळघराची किल्ली मागायला उभी राहिली. बाईनं दार उघडलं. दोघी खाली उतरल्या. बाईनं पाण्याची कळशी आणि नरसाळं उचललं, धाकटीनं पहिल्या पिंपाचं बूच काढलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "चुकलं माझं."

बरं, आता शपथ घेतलीच आहे, तर जिभेची काळजी करायला हवी. सगळं खरं आहे, पण हे शेवटचं वाक्य माझं. धाकटी असलं काही म्हणाली नाही, मेली असती तरी म्हणाली नसती. ती म्हणाली, "नरसाळं नीट धरा, बावळटासारख्या काय उभ्या राहिलात." आणि रसायनबाईनं धरलं.